पायांखालचे लाकूड

चर्चमध्ये मूर्तीपुढे उभा राहणारा भाविक आधी चेहरा पाहतो, मग हात पाहतो आणि हातातील खुणेवरून संत कोण ते ओळखतो. किल्ल्या दिसल्या की पेत्र, तलवार दिसली की पौल, लिलीचे फूल आणि बालयेशू दिसला की अंतोन. पायांखाली काय कोरले आहे याकडे सहसा कोणाची नजर जात नाही. छायाचित्रकार मूर्तीचे चित्र घेतो तेव्हा तळचा भाग कापून टाकतो. जुन्या मूर्ती संग्रहालयात जातात तेव्हा अनेकदा त्यांची मूळ बैठक मागे राहते आणि एखाद्या साध्या ठोकळ्यावर त्यांना उभे केले जाते. कलेवर लिहिणारेही मुद्रा, वस्त्रांच्या चुण्या आणि रंगकाम यांविषयी पानेच्या पाने लिहितात; बैठकीला मात्र एखादे वाक्य पुरते.

आम्हांस हा अन्याय वाटतो. विशेषतः सतराव्या आणि अठराव्या शतकांतील बरोक काष्ठशिल्पाच्या बाबतीत तर ही मोठीच हानी आहे. त्या काळच्या कारागिराने मूर्ती जमिनीपासून उंच व्हावी एवढ्यासाठीच बैठक कोरली नाही. ही पवित्र व्यक्ती कशावर उभी आहे, कोणाला तिने जिंकले आहे आणि कोणी तिचा भार वाहिला आहे, हे सांगण्याची ती जागा होती. मूर्तीचा चेहरा आपल्याला तिची भक्ती सांगतो. तिची बैठक जगाशी असलेले तिचे नाते सांगते. म्हणूनच, एखाद्या कलाकृतीने शुभवर्तमानाशी इमान राखले आहे की नाही, याची परीक्षा कधी कधी चेहऱ्यापेक्षा पायांशी अधिक नेमकी होते, असे आमचे मत आहे.

आधी लाकडाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. त्रेंतच्या धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मधील आपल्या अखेरच्या सत्रात पवित्र प्रतिमांविषयी निर्णय दिला. प्रतिमेला दिलेला मान ती जिची प्रतिमा आहे त्या व्यक्तीला पोहोचतो आणि प्रतिमांच्या द्वारे लोकांना श्रद्धेचे शिक्षण मिळावे, असा त्याचा आशय होता. स्पेनमध्ये या शिक्षणाचे मुख्य साधन रंगवलेले लाकूड ठरले. कोरलेल्या लाकडावर सरस आणि पांढऱ्या भुकटीचे थर देत, त्यावर तांबूस मातीचा हात फिरवीत, मग सोन्याचा वर्ख चिकटवीत. त्या सोन्यावर रंग चढवून तो टोकदार काडीने नक्षीत खरवडीत, म्हणजे आतले सोने जरीसारखे चमकू लागे. संगमरवरी पुतळा बहुधा वेगळ्या चौथऱ्यावर ठेवावा लागतो. लाकडाचे तसे नाही. त्याच लाकडातून ढग फुटतो, खडक उगवतो, लाट उसळते, साप वेटोळे घालतो. मूर्ती कोठे संपली आणि बैठक कोठे सुरू झाली हे सांगता येऊ नये इतकी ती दोन्ही एकमेकांत मिसळू शकतात. मूर्तीचा अर्थ थेट बैठकीत उतरतो तो या मिसळण्यामुळेच.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे निष्कलंक गर्भसंभव मातेच्या मूर्ती. हा धर्मसिद्धांत पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये जाहीर केला; पण स्पेनमधील भाविकांनी त्यासाठी त्याआधी अडीचशे वर्षे आग्रह धरला होता आणि तो आग्रह लाकडात कोरून ठेवला होता. या मूर्तीच्या पायांशी काय असावे? बायबलमधील दोन ठिकाणे कारागिरापुढे होती. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात सर्पाचे डोके ठेचले जाण्याचे वचन आहे. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात पायांखाली चंद्र असलेली स्त्री आहे आणि तिच्यासमोर अजगर आहे. कोणी अजगर घेतला, कोणी चंद्र.

वायादोलिद येथील ग्रेगोरिओ फर्नांदेस (१५७६-१६३६) याने घडवलेली निष्कलंक माता अजगरावर उभी असते. तिचा झगा सरळ, जड आणि जवळजवळ घंटेसारखा आहे. हात जोडलेले आहेत, मुद्रा शांत आहे आणि खाली तो प्राणी पिळवटून गेला आहे. वर संपूर्ण स्थैर्य, खाली संपूर्ण तडफड. कास्तीयच्या कोरड्या, कठोर भूमीला शोभेल अशीच ही मांडणी आहे. सेव्हिलच्या हुआन मार्तिनेस मोन्तान्येस (१५६८-१६४९) याने १६२९ ते १६३१ या काळात तेथील कॅथेड्रलसाठी घडवलेली मूर्ती मात्र निराळी आहे. तिचे डोळे इतके खाली झुकलेले आहेत की सेव्हिलचे लोक तिला प्रेमाने ‘ला सिएगेसिता’ म्हणजे ‘लहानगी आंधळी’ म्हणतात. तिच्या पायांशी चंद्रकोर आणि करुबांची मस्तके आहेत. येथे कोणी चिरडले जात नाही. बैठक म्हणजे जणू एक श्वास आहे. तिने मूर्तीला अलगद वर उचलून धरले आहे.

मोन्तान्येसच्या अनेक मूर्ती रंगवणारा आणि सेव्हिलचा कलापंडित फ्रान्सिस्को पाचेको याचा ‘चित्रकला’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या विषयाच्या चित्रणाचे बारीकसारीक नियम त्याने दिले आहेत. चंद्राची टोके खाली वळलेली असावीत इथपर्यंत. पण अजगराविषयी लिहिताना त्याने मोकळेपणाने सांगितले आहे, की तो आपण कधी आवडीने रंगवत नाही आणि शक्य तेव्हा गाळून टाकतो. इतका नियमांचा कैवारी माणूस येथे हात आखडता घेतो, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. पावित्र्य दाखवण्यासाठी पायांखाली कोणीतरी तडफडत असलेच पाहिजे असे नाही, हे सेव्हिलच्या कलेने ओळखले होते. पुढे आलोन्सो कानो याने १६५५-५६ मध्ये ग्रानादाच्या कॅथेड्रलमधील गायकवृंदाच्या ग्रंथपीठासाठी जेमतेम अर्ध्या मीटरहून थोडी उंच अशी निष्कलंक माता घडवली. ती इतकी सुंदर ठरली की ग्रंथपीठावर न राहता वस्त्रागारात गेली, म्हणजे जवळून पाहता यावी. तिची बैठकही ढगांची आणि करुबांच्या मस्तकांची आहे. पायांशी निमुळती होत गेलेली ती छोटी मूर्ती त्या ढगांवर टेकल्यासारखी वाटतच नाही.

तरीही फर्नांदेसचा अजगर आम्ही नाकारत नाही. अजगर हे पापाचे रूप आहे. पाप पायदळी तुडवले जावे यात कोणाची मानखंडना होत नाही. अडचण सुरू होते ती अजगराच्या जागी माणूस येतो तेव्हा.

शत्रूला पायाखाली घालण्याची प्रतिमा पवित्र शास्त्राला परकी नाही. यहोशवाच्या दहाव्या अध्यायात सेनापती पराभूत राजांच्या मानांवर पाय ठेवतात; स्तोत्र ११० मध्ये शत्रूंचे पादासन होते. पण प्रेषित पौलाने या प्रतिमेला वेगळे वळण दिले. करिंथकरांस लिहिताना पायाखाली यायचा शेवटचा शत्रू म्हणून त्याने मृत्यूचे नाव घेतले आणि इफिसकरांस लिहिताना आपले युद्ध रक्तामांसाच्या माणसांशी नाही असे बजावले. बरोक युगातील सगळ्याच कारागिरांनी आणि त्यांच्या आश्रयदात्यांनी पौलाचे हे वळण लक्षात ठेवले नाही.

सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे संत याकोबाचे जगप्रसिद्ध तीर्थक्षेत्र. तेथील कॅथेड्रलमध्ये अठराव्या शतकातील शिल्पकार होसे गाम्बिनो याने घडवलेली रंगीत लाकडी मूर्ती आहे. संत पांढऱ्या घोड्यावर आरूढ आहे, त्याने तलवार उगारली आहे आणि घोड्याच्या टापांखाली मूर लोक कोसळले आहेत. क्लाविहोच्या लढाईत संत याकोब स्वतः प्रकटला या आख्यायिकेवर ही प्रतिमा उभी आहे; ती लढाई ८४४ मध्ये झाली असे सांगत, पण इतिहासकार तिला दंतकथाच मानतात. शिल्प म्हणून पाहिले तर घोड्याची उसळी जिवंत आहे. पण त्या उसळीला आधार कशाचा? माणसांच्या देहांचा. मासे पकडणारा जब्दीचा मुलगा, ज्याने स्वतः तलवारीखाली मरण पत्करले, त्याच्या हातात तलवार देऊन त्याच्या पायाखाली माणसे अंथरली गेली.

माद्रिदमधील रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर, २००४ च्या मे महिन्यात, ही मूर्ती संग्रहालयात हलवण्याचा विचार जाहीर झाला. त्यावर मोठा विरोध झाला आणि तो विचार मागे पडला. मूर्ती चर्चमध्येच राहिली आणि टापांखालची माणसे फुलांनी झाकली जाऊ लागली. आम्हांस ही फुले मोलाची वाटतात. विद्वानांच्या अनेक निबंधांनी केली नसती ती समीक्षा त्या फुलांनी केली. मूर्तीच्या वरच्या भागाला कोणी हात लावला नाही. जे सहन होईनासे झाले होते ते बैठकीत होते. झाकावी लागली ती बैठक.

जिंकलेल्या शत्रूच्या पुढची पायरी म्हणजे गुलाम. शत्रू निदान लढतो तरी; गुलामाने फक्त वाहायचे असते. व्हेनिसमधील का’ रेत्सोनिको या प्रासादात अठराव्या शतकातील व्हेनिसचे संग्रहालय आहे. तेथे बेल्लुनोच्या आंद्रेआ ब्रुस्तोलोन (१६६२-१७३२) याने व्हेनियेर घराण्यासाठी कोरलेला लाकडी सरंजाम ठेवला आहे: खुर्च्या, पुतळे आणि चिनी मातीच्या कलशांसाठी कोरलेल्या बैठकी. पिवळसर, घट्ट बॉक्सवुड आणि काळे आबनूस यांवर चाललेली ब्रुस्तोलोनची छिन्नी पाहताना थक्क व्हायला होते. एका भव्य बैठकीच्या रचनेत हर्क्युलिस आहे, त्याने हरवलेले राक्षसी प्राणी आहेत, नदीदेवता आहेत. आणि सरंजामातील इतर बैठकींवर कलश पेलून उभे आहेत ते आबनुसात कोरलेले आफ्रिकी पुरुष. त्यांच्या गळ्यांत साखळ्या आहेत.

हे चर्चमधले काम नव्हे, श्रीमंताच्या दिवाणखान्यातले आहे, असे कोणी म्हणेल. पण ही कल्पना चर्चच्या दारात थांबली नव्हती. त्याच शहरातील फ्रारी चर्चमध्ये जोव्हान्नी पेझारो या दोजेचे १६६९ मधील स्मारक आहे. त्याचा सारा भार संगमरवरात घडवलेल्या चार विशाल कृष्णवर्णी पुरुषांच्या खांद्यांवर आहे. त्यांच्या पांढऱ्या वस्त्रांच्या चिंध्यांतून काळे गुडघे दिसतात. वर दोजे भाषण दिल्यासारखा हात उचलून बसला आहे. आणि ब्रुस्तोलोन काही केवळ दिवाणखान्यांचा कारागीर नव्हता. त्याने वेद्या कोरल्या, क्रूस कोरले. सान्चियान बेटावर देह ठेवणाऱ्या संत फ्रान्सिस झेवियरचे अंतिम क्षणही त्याने लाकडात कोरले. एकाच छिन्नीतून हे सगळे उतरले आहे.

यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो: आजच्या नीतीने कालच्या कलेला जोखू नये. आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. ज्या शतकात हे वाहणारे गुलाम कोरले जात होते, त्याच शतकात येशूसंघीय पेद्रो क्लाव्हेर (१५८०-१६५४) दक्षिण अमेरिकेतील कार्ताहेना बंदरात गुलामांच्या जहाजांत उतरून आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होता. १६८० नंतरच्या एक-दोन वर्षांत फ्रान्सिस्को होसे दे हाका आणि एपिफानियो दे मुआरां हे दोन कपुचिन धर्मगुरू हवानामध्ये उघडपणे सांगत होते, की या माणसांना गुलाम करणे अन्याय आहे आणि त्यांना मुक्त केले पाहिजे. त्याबद्दल त्यांनी अटक सोसली. म्हणजे आम्ही लावतो ती कसोटी आजची नाही. ती त्या काळातही होती, त्याच ख्रिस्तसभेत होती. फक्त दिवाणखाने तिच्याकडे पाहत नव्हते. ब्रुस्तोलोनच्या कौशल्याला आम्ही वंदन करतो. पण त्या बैठकींचा अर्थ सुंदर आहे असे म्हणायला आमची जीभ धजत नाही.

मग माणूस बैठकीत येऊच नये काय? तसेही नाही. त्याचे उत्तर ब्रुसेल्समध्ये मिळते. तेथील संत मायकल आणि संत गुदुला यांच्या चर्चमध्ये हेन्ड्रिक फ्रान्स व्हेरब्रुग्गेन याने १६९९ मध्ये ओक लाकडात कोरलेले प्रवचनपीठ आहे. ते मुळात लूव्हेन येथील येशूसंघीय चर्चसाठी केले होते. १७७३ मध्ये येशूसंघ विसर्जित झाला आणि १७७६ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेझा हिने ते ब्रुसेल्सला दिले. या पीठाखाली खांब नाही, एदेनची बाग आहे. वृक्ष आहे, पशुपक्षी आहेत आणि त्या वृक्षाखालून आदाम व हव्वा बाहेर चालले आहेत. देवदूत त्यांना घालवीत आहे आणि मृत्यू जवळच उभा आहे. सर्प वृक्षाभोवती वर वर चढत जातो, थेट छतावरून उंच. तेथे पवित्र माता आणि बालयेशू उभे आहेत आणि त्यांच्या हातातील क्रूस सर्पाच्या डोक्यात रुतला आहे.

धर्मगुरू या पीठावर उभा राहिला की त्याच्या पायांखाली माणसे असतात. पण ही माणसे पराभूत परके नव्हेत. ती त्याचे स्वतःचे आईबाप आहेत, आपले सर्वांचे आहेत. आदामाच्या पतनावर तो विजयी वीरासारखा उभा नाही. त्या पतनातूनच तो वर आला आहे आणि त्याच्या मस्तकावर त्याच्यापेक्षा मोठे कोणीतरी आहे. प्रवचन करणाऱ्याला नम्र करणारी अशी दुसरी बैठक आम्हांस माहीत नाही. गाम्बिनोच्या मूर्तीत माणूस दुसऱ्याच्या पायाखाली आहे. व्हेरब्रुग्गेनच्या पीठात आपणच आपल्या पायाखाली आहोत. दोन्ही बरोक आहेत, दोन्ही नाट्यमय आहेत. फरक आहे तो अंतःकरणाचा.

आपल्या जवळ, गोव्यात, याच प्रश्नाला आणखी एक उत्तर कोरलेले आहे. गोव्यातील काही जुन्या चर्चमधील लाकडी प्रवचनपीठांच्या तळाशी कमरेवर मानव आणि खाली नाग अशा आकृती आहेत आणि पीठाचा भार त्या तोलून धरतात. १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती प्रतिमा करून घेण्यास मनाई केली होती. मनाई करावी लागली यावरूनच छिन्नी कोणाच्या हाती होती हे उघड होते. आता हा नाग कोणता? उत्पत्तीचा म्हणावा, तर तो वचनाखाली दबलेला सर्प ठरतो. पण ज्या कारागिराच्या घरी पृथ्वी शेषाच्या फण्यावर तोललेली आहे असे सांगितले जाई, त्याच्या दृष्टीने नाग हा मुळातच वाहणारा आहे, सांभाळणारा आहे. आपल्याकडील जुन्या देवळांत खांबांच्या माथ्यावर छत पेलणारे बुटके कीचक ज्याने पाहिले आहेत, त्याला ही भाषा शिकवावी लागत नाही. धर्मगुरूने त्या आकृतीत जिंकलेले पाप पाहिले असेल. कारागिराने वचनाला खांदा देणारा जुना रखवालदार कोरला असेल. लाकडात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यांपैकी एकाला बाहेर घालवण्याची घाई समीक्षकाने करू नये, असे आम्हांस वाटते.

वाहणे या क्रियेत अपमान नाही, हे येथे ध्यानात येते. अपमान सक्तीत आहे. मोन्तान्येसने ऐन तारुण्यात, १५९७ मध्ये, सेव्हिलच्या हातमोजे करणाऱ्यांच्या संघासाठी संत ख्रिस्तोफरची भव्य मूर्ती घडवली. ती तेथील साल्वादोर चर्चमध्ये आहे. ख्रिस्तोफर म्हणजे ख्रिस्ताला वाहणारा. त्याच्या खांद्यावर बालयेशू बसला आहे आणि तो बलदंड पुरुष मान वर करून त्याच्याकडे पाहतो. बैठकीचे सारे काम येथे एका माणसाने पत्करले आहे, आणि त्यामुळेच तो संत झाला आहे. ब्रुस्तोलोनचा आफ्रिकी पुरुष आणि मोन्तान्येसचा ख्रिस्तोफर दोघेही भार वाहतात. एकाच्या गळ्यात साखळी आहे. दुसऱ्याच्या हातात आधाराची काठी आहे आणि नदी ओलांडण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा आहे.

याच सेव्हिलमध्ये पवित्र सप्ताहात मूर्ती रस्त्यावर निघतात. हुआन दे मेसा याने १६२० मध्ये घडवलेला, क्रूस खांद्यावर घेतलेला ‘महासामर्थ्याचा येशू’ ज्या बैठकीवरून नेला जातो, ती सोनेरी लाकडी बैठक फ्रान्सिस्को अन्तोनिओ रुईस गिहोन याने १६८८ ते १६९२ या काळात कोरली. तीनशेहून अधिक वर्षे झाली तरी ती वापरात आहे. देवदूत, पानवेली, उठावाच्या चौकटी यांनी ती मढवलेली आहे. पण ही बैठक स्वतः कशावर उभी असते? अशा बैठकींभोवती सोडलेल्या पडद्यांआड तीस-चाळीस माणसे मानेच्या तळाशी तुळया घेऊन चालतात. बाहेरून मुकादम ठोका देतो आणि टनाहून अधिक वजनाचा तो भार एका दमात वर उचलला जातो. त्या माणसांची तोंडे कोणाला दिसत नाहीत.

पूर्वी हे काम मजुरीवर चाले. गोदीतील आणि बाजारातील हमाल ते करीत. १९७३ मध्ये विद्यार्थ्यांच्या बंधुसंघाची मूर्ती प्रथमच संघाच्या सभासदांनी स्वतः, बिनमजुरीने उचलली आणि पुढे तीच रीत सर्वत्र रूढ झाली. ज्यांनी मजुरीसाठी भार वाहिला त्यांचे श्रम कमी पवित्र होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या पाठींवर ती परंपरा टिकली. पण जो वर उभा राहून प्रार्थना करीत होता त्याने खाली उतरून स्वतः खांदा द्यावा, हा बदल आमच्या विषयाच्या मुळाशी जाऊन भिडतो. कोरलेल्या बैठकीला जे जमले नाही ते येथे जिवंत माणसांनी केले.

तेव्हा वाचकांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या चर्चमधील जुन्या मूर्तींकडे पाहताना नजर थोडी खाली आणावी. जीर्णोद्धाराच्या वेळी वाळवी लागलेली बैठक फेकून फरशीचा चौथरा बांधण्यापूर्वी तिच्यावर काय कोरले आहे ते एकदा पुसून पाहावे, त्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि जाणत्या सुताराला दाखवावे. तेथे ढग असेल, सर्प असेल, पाने असतील, कदाचित एखादा माणूसही असेल. माणूस असेल तर तो तेथे कोणी घातला आणि तो वर पाहतो की खाली, हेही पाहावे.